पाद्र्यांनीच घेतलेली धर्माची हजेरी : अठराव्या शतकातलं इंग्रजी उपहास-साहित्य

तिरकस_रेघ

'गलिव्हर'चा लेखक जोनाथन स्विफ्ट नास्तिक होता की नव्हता यावर दुसऱ्या धाग्यात पानंच्या पानं खर्ची पडली, पण मूळ पुस्तकांबद्दल कुणी चार ओळीही लिहिल्या नाहीत. म्हणून हा स्वतंत्र धागा. कुणी कुणाला झोडपलं, कसं झोडपलं आणि डाव कुठे अंगाशी आला, एवढंच इथे बोलू.

या शतकातला इंग्रजी धर्म-उपहास हा बराचसा घरचा मामला आहे. स्विफ्ट चर्चचा धर्मगुरू, पुढे डब्लिनच्या सेंट पॅट्रिक कॅथीड्रलचा डीन. लॉरेन्स स्टर्न यॉर्कशायरमधला व्हिकर. रिचर्ड ग्रेव्ह्ज बाथजवळच्या क्लॅव्हर्टनचा रेक्टर. रविवारी प्रवचन द्यायचं आणि उरलेल्या दिवसांत दुसऱ्या पंथांची, वेळ आली तर आपल्याही पंथाची सालं काढायची, असा यांचा खाक्या. टीका केली म्हणजे लेखक निरीश्वरवादी, हे गणित इथे चालत नाही.

तीन कायदे डोक्यात ठेवा, मग पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात. १६७३ चा टेस्ट अ‍ॅक्ट: सरकारी पद हवं असेल तर चर्च ऑफ इंग्लंडच्या पद्धतीने प्रभुभोजन घेतल्याचा दाखला हवा. १६९५: छपाईआधी परवाना घ्यायला लावणाऱ्या कायद्याची मुदत संपली आणि तो पुन्हा आलाच नाही. छापण्याआधी अडवणारं कुणी उरलं नाही, छापल्यावर मानगूट धरायला सरकार मोकळं. आणि १६९८ चा धर्मनिंदेचा कायदा: ख्रिस्ती म्हणून वाढलेल्या माणसाने त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) नाकारलं तर पहिल्यांदा पदं जायची, दुसऱ्यांदा तीन वर्षं कैद. अशा हवेत शहाणा लेखक नाव छापत नाही आणि स्वतःच्या तोंडाने बोलत नाही. एक खोटा निवेदक उभा करतो आणि त्याच्या तोंडून बोलतो. या सगळ्या साहित्याची कळ त्या निवेदकात आहे.

सुरुवात 'अ टेल ऑफ अ टब'पासून. १७०४ साली निनावी आलं. बाप मरताना तीन मुलांना एकेक कोट देतो आणि मृत्युपत्र ठेवतो: कोट नीट जपा, त्यात काही जोडू नका, काही काढू नका. कोट म्हणजे ख्रिस्ती धर्म, मृत्युपत्र म्हणजे नवा करार. पीटर म्हणजे रोमचं कॅथलिक चर्च, मार्टिन म्हणजे ल्यूथर आणि पुढे चर्च ऑफ इंग्लंड, जॅक म्हणजे कॅल्व्हिन आणि त्याच्या वाटेने गेलेले सगळे डिसेंटर (चर्च ऑफ इंग्लंडबाहेरचे प्रोटेस्टंट).

शहरात खांद्यावर फितीचे गोंडे ('शोल्डर-नॉट') लावायची फॅशन येते. मृत्युपत्रात गोंड्याचा उल्लेख नाही. आता काय करायचं? विद्वान भाऊ म्हणतो, आख्खा शब्द नसेल, पण त्यातले उच्चारी तुकडे सापडतील. तेही नाहीत. मग एकेक अक्षर शोधा. 'शोल्डर' पूर्ण जुळतं, पण 'नॉट'मधलं (knot) पहिलं 'के' काही केल्या मिळत नाही. तेव्हा तो सिद्ध करतो की 'के' हे अक्षरच अलीकडचं आणि अनौरस आहे, जुन्या चांगल्या पोथ्यांत ते नसतंच, सबब 'नॉट' हा शब्द इथून पुढे 'सी'ने लिहावा. गोंडे लागतात. सोनेरी लेसच्या वेळी युक्ती बदलते: कुणी एक जण म्हणाला होता की वडिलांच्या नोकराने वडिलांना असं बोलताना ऐकलं होतं. ही झाली मौखिक परंपरा. रुपेरी झालर तर मृत्युपत्रात शब्दशः निषिद्ध आहे. तिथे असं निघतं की त्या शब्दाचा एक अर्थ झाडूचा दांडाही होतो, तेव्हा मनाई दांड्याला आहे. शेवटी भाऊ मृत्युपत्रच मजबूत पेटीत कुलूप लावून ठेवतात.

पाठोपाठच्या या युक्त्या म्हणजे शास्त्रार्थ वाकवण्याच्या पद्धतींची यादीच आहे. एक शब्द अश्लील नाही, देवाचं नाव नाही, तरी घाव अचूक बसतो.

---

पोटमाळा

उत्तम धागा. दोन वेळा हे पुस्तक हातात घेऊन खाली ठेवणाऱ्या लोकांसाठी कुणी वाचनाचा क्रम सांगेल का? सुरुवातीलाच अर्पणपत्रिका, प्रकाशकाचं निवेदन, प्रस्तावना असं काय काय येतं, आणि गोष्ट सुरू झाली म्हणेपर्यंत विषयांतर.

---

जुनी_जिल्द

@पोटमाळा, क्रम असा ठेवा. पुस्तकात अकरा विभाग आणि उपसंहार आहे. भावांची गोष्ट फक्त २, ४, ६ आणि ११ मध्ये. ती आधी सलग वाचा. मग ८ वा: यात वाऱ्याची पूजा करणारा 'इओलिस्ट' पंथ आहे, म्हणजे अंगात आत्मा संचारल्याचा दावा करणारे प्रवचनकार. त्यानंतर ९ वा, वेडेपणावरचा. तो पुस्तकाचा गाभा आहे. अर्पणपत्रिका आणि बाकीची विषयांतरं शेवटी. ती आधुनिक लेखक आणि समीक्षकांची टर उडवणारी आहेत. धर्माशी त्यांचा संबंध एवढाच की स्वतःच्या डोक्यातून निघालं ते खरं मानणारा लेखक आणि स्वतःच्या आतला आवाज तो देवाचा मानणारा उपदेशक स्विफ्टच्या लेखी एकाच माळेचे मणी.

आवृत्ती घेताना १७१० च्या पाचव्या आवृत्तीवर आधारलेली घ्या. त्यात स्विफ्टने 'अपॉलॉजी' जोडली आणि तळटीपाही. या तळटीपांतली गंमत बघा: विल्यम वॉटन या विद्वान पाद्र्याने १७०५ मध्ये पुस्तकावर कडाडून हल्ला केला आणि ते किती पाखंडी आहे हे दाखवायला एकेका रूपकाचा अर्थ फोडून सांगितला. स्विफ्टने ते अर्थ उचलले आणि वॉटनच्याच नावाने तळाशी छापून टाकले. शत्रूला फुकटचा टीकाकार म्हणून राबवलं! नेटवरच्या काही फुकट प्रतींत तळटीपा गाळलेल्या असतात, तिथे हा आख्खा विनोद हरवतो. अभ्यासासाठी गथकेल्च आणि निकोल स्मिथ यांनी सिद्ध केलेली ऑक्सफर्डची प्रत अजूनही भक्कम आहे.

नवव्या विभागात एक जागा चुकवू नका. निवेदक म्हणतो, आता मी अत्यंत किचकट मुद्दा सोडवतो, नीट लक्ष द्या. पुढे नुसत्या फुल्या, समासात लॅटिन शेरा की इथला बराच मजकूर गहाळ आहे, आणि लगेच: 'हे झालं या प्रश्नाचं स्वच्छ उत्तर.' जुन्या पोथ्या संपादित करणाऱ्यांनाही चिमटा आणि गूढवाद्यांनाही.

---

कडकलक्ष्मी

सगळं खरं, पण एक प्रश्न उरतोच. हा मार्टिन करतो काय? पीटर आणि जॅक धमाल उडवतात, मार्टिन बिचारा कोपऱ्यात बसून टाके उसवतो. चर्चचा कैवार घ्यायचा होता तर चर्चचं पात्र इतकं फिकं कसं? वॉटनला जे खटकलं ते उगाच नव्हतं. कोटावरच्या लेस बघून हसायला शिकलेला वाचक उद्या कोटालाही हसेल.

---

तिरकस_रेघ

@कडकलक्ष्मी, टाके उसवण्याचाच प्रसंग बारकाईने बघा. पीटरने घराबाहेर काढल्यावर दोघे भाऊ मृत्युपत्राची नक्कल वाचतात आणि दागदागिने काढायला घेतात. मार्टिनही आधी जोरात ओढतो, गोंड्यांची मूठ निघते, पाठोपाठ झालरीचे वारच्या वार. मग थांबतो. जिथे कशिदा कापडात इतका मुरलाय की काढताना कापड फाटेल, तिथे तो कशिदा तसाच ठेवतो. जॅक रागाच्या भरात ओढतो आणि कोट वरपासून खालपर्यंत टर्रकन फाडतो. हा मार्टिन म्हणजे इंग्लंडमधल्या धर्मसुधारणेचं समर्थन: बिशप ठेवले, विधी ठेवले, पोप काढला. बाजू मांडली आहे, पण बाजू मांडणारं पात्र विनोदी होत नाही. संयमावर विनोद करता येत नाही ही स्विफ्टची अडचण.

आणि अकराव्या विभागातला शेवटचा टोला: जॅक मृत्युपत्राच्या कातड्याचा झोपताना टोपी म्हणून, पावसात छत्री म्हणून, अंगठा दुखला तर पट्टी म्हणून वापर करतो. त्याच्या चिंध्या लांबून पीटरच्या झालरींसारख्याच दिसतात, लोक त्याला पीटर समजून गाठतात आणि त्याचा तिळपापड होतो. पोपविरोधी टोक आणि पोप एकाच जागी येऊन भेटतात हा स्विफ्टचा खरा आरोप.

किंमत मात्र मोजावी लागली हे मान्य. अ‍ॅन राणीला पुस्तक रुचलं नाही. इंग्लंडमध्ये बिशपपद हवं होतं, १७१३ मध्ये पदरात पडलं डब्लिनचं डीनपद.

---

बोरूबहाद्दर

मुखवट्याचा विषय निघालाय तर डिफो आलाच पाहिजे. त्याचा मुखवटा इतका घट्ट बसला की निघेना.

'द शॉर्टेस्ट वे विथ द डिसेंटर्स', डिसेंबर १७०२. संदर्भ असा: डिसेंटर लोक पदासाठी वर्षातून एकदा चर्चमध्ये प्रभुभोजन घेऊन यायचे आणि पुन्हा आपल्या प्रार्थनागृहात जायचे. हे बंद करायचं विधेयक संसदेत आलं होतं आणि हेन्री सॅशेव्हरेलसारखे कडवे पाद्री आग ओकत होते. डिफो स्वतः डिसेंटर. त्याने त्या कडव्या पाद्र्यांच्या आवाजात पत्रक लिहिलं. आरंभी एक गोष्ट: तबेल्यात बसायला दांडी नाही म्हणून कोंबडा घोड्यांच्या पायांत उभा राहतो आणि म्हणतो, मंडळी, आपण सगळे शांत उभे राहू या, नाहीतर एकमेकांच्या पायाखाली येऊ. मग युक्तिवाद: साप आणि बेडूक थंड डोक्याने मारणं क्रूर वाटतं, पण शेजाऱ्यांवर ते उपकारच असतात. मग व्यवहार: चर्चमध्ये न आल्याबद्दल आठवड्याला एक शिलिंग आणि प्रभुभोजन न घेतल्याबद्दल महिन्याला पाच शिलिंग दंड, म्हणजे पैसे घेऊन पाप करायचा परवाना विकणंच झालं. त्याऐवजी एकच कायदा करा: प्रार्थनागृहात सापडेल त्याला हद्दपारी आणि उपदेशकाला फाशी.

गोची ही की पत्रकात कुठेही डोळा मिचकावलेला नाही. स्विफ्टचा निवेदक मधूनच इतका मूर्खपणा करतो की वाचक सावध होतो. डिफोचा निवेदक शेवटपर्यंत शहाण्यासारखा, सुसंगत बोलतो. परिणाम: कडव्यांनी वाहवा केली, डिसेंटर घाबरले, आणि लेखक कोण ते कळल्यावर दोन्हीकडचे खवळले. सरकारने लंडन गॅझेटमध्ये पन्नास पौंडांचं इनाम लावून त्याचं वर्णन छापलं: मध्यम उंची, सडपातळ, बाकदार नाक, टोकदार हनुवटी, तोंडाजवळ मोठा तीळ. संसदेच्या आदेशाने पत्रक जाळलं. शिक्षा: २०० मार्क दंड (म्हणजे १३३ पौंड ६ शिलिंग ८ पेन्स), सात वर्षं चांगल्या वर्तनाची हमी, आणि जुलै १७०३ च्या अखेरीस तीन दिवस पिलरी, म्हणजे मान आणि हात लाकडी चौकटीत अडकवून भर चौकात उभं करणं. तिथेही या गड्याने 'हिम टु द पिलरी' नावाची कविता छापून बाजारात आणली.

---

कडकलक्ष्मी

म्हणजे नियम असा निघतो: निवेदक जितका खरा वाटेल तितका उपहास धारदार आणि लेखक तितका अडचणीत.

---

बोरूबहाद्दर

बरोबर. आणि याच मोजपट्टीवर स्विफ्टचा 'आर्ग्युमेंट' लावून बघा. पूर्ण शीर्षक लांबलचक आहे, सारांश असा की इंग्लंडमधून ख्रिस्ती धर्म रद्द केल्यास सध्याच्या परिस्थितीत काही गैरसोयी होतील. लिहिला १७०८ च्या सुमारास, छापला १७११ मध्ये. निशाणा दोन: टोलंड, टिंडल यांच्यासारखे मुक्तविचारक, आणि आयर्लंडमधला टेस्ट अ‍ॅक्ट उठवू पाहणारे व्हिग पक्षाचे लोक.

निवेदक पहिल्याच फटक्यात स्पष्ट करतो की खऱ्या ख्रिस्ती धर्माचा बचाव मी करत नाही. तो परत आणला तर व्यापार, दरबार, निम्मी विद्या, सगळंच कोसळेल. मी फक्त नावापुरत्या धर्माबद्दल बोलतोय. इथेच डिफोपेक्षा स्विफ्ट वेगळा पडतो: निवेदक कुठे उभा आहे हे वाचकाला लगेच कळतं. मग आक्षेपांना एकेक करून हिशेबी उत्तरं. देशात दहा हजारांवर पाद्री आहेत, त्यांच्या आणि बिशपांच्या उत्पन्नात निदान दोनशे तरुण विलासी मुक्तविचारक पोसले जातील, असा आक्षेप. उत्तर: पण गावोगावी वाचता येणारा एक तरी माणूस असावा की नाही? आठवड्यातला एक दिवस वाया जातो, असा आक्षेप. उत्तर: पण चर्चइतकी डुलकी काढायची सोय दुसरीकडे कुठे आहे? हुशार मंडळींना टिंगल करायला देव ठेवला नाही तर ती सरकारची टिंगल करतील. आणि शेवट: धर्म रद्द झाला तर बँक आणि ईस्ट इंडिया कंपनीचे शेअर निदान एक टक्क्याने पडतील. धर्म टिकवायला आपल्या काळाने जेवढी झळ सोसायची तयारी दाखवली त्याच्या हे पन्नास पट होतं, मग नुसता तो नष्ट करायला एवढा तोटा कशाला?

संपलं. पुढे उपदेश नाही.

---

पोटमाळा

'गलिव्हर'मधल्या अंड्यांचं कुणीच काढलं नाही अजून.

---

तिरकस_रेघ

ते सगळ्यांना माहीत असतं म्हणून. १७२६, पहिला भाग, चौथं प्रकरण. अंडं मोठ्या टोकाने फोडायचं की लहान, यावरून सहा बंडं, एका बादशहाचा जीव गेला, एकाचं राज्य गेलं (पहिला चार्ल्स आणि दुसरा जेम्स), अकरा हजार लोकांनी लहान टोकाने फोडण्यापेक्षा मरण पत्करलं. आणि धर्मग्रंथात म्हटलंय काय, तर अंडं सोयीच्या टोकाने फोडावं. नवख्याला इथूनच सुरुवात करू द्या, 'टब' नंतर.

---

बोरूबहाद्दर

आता हेन्री फील्डिंगकडे वळतो, कारण त्याच्याकडे हत्यार वेगळं आहे. तो मुखवटा घालत नाही, दोन पाद्री शेजारी उभे करतो.

'जोसेफ अँड्र्यूज' (१७४२). पार्सन अ‍ॅडम्स: ग्रीक पंडित, पन्नाशीचा, वर्षाला २३ पौंड उत्पन्न, बायको आणि सहा मुलं. फील्डिंग या रकमेला गंभीर चेहऱ्याने 'भरघोस' म्हणतो. प्रवचनं छापून विकायला तो लंडनला निघतो आणि वाटेत कळतं की हस्तलिखितं घरीच राहिली, बायकोने पिशवीत सदरे भरलेत. तसंही पुस्तकविक्रेता सांगतोच की व्हिटफील्ड नाहीतर वेस्ली (दोघे मेथडिस्ट उपदेशक), नाहीतर एखादा बिशप असल्याशिवाय प्रवचनं खपत नाहीत.

समोर पार्सन ट्रलिबर. रविवारी पाद्री, उरलेले सहा दिवस डुकरांचा शेतकरी. अ‍ॅडम्स दारात येतो तेव्हा ट्रलिबरला वाटतं, डुकरं घ्यायला गिऱ्हाईक आलं. त्याला खुराड्यात ढकलून 'हात लावून बघा' म्हणतो, अ‍ॅडम्स एकाची शेपटी धरतो आणि चिखलात लोळतो. मग खरं कारण निघतं: खानावळीचे सात शिलिंग देणं आहे, ते आणि वर आणखी सात उसने हवेत. ट्रलिबरचा चेहरा बदलतो. धर्म काय असतो हे त्याला चोख माहीत आहे, नुसता खिशात हात घालायचा नाही.

बायबलमधल्या भल्या शोमरोन्याचा (लुटलेल्या परक्याला मदत करणाऱ्याचा) दृष्टांत फील्डिंगने कसा वापरलाय तेही बघा. जोसेफला लुटून, नागवं करून खड्ड्यात टाकलंय. घोडागाडी थांबते. बाईसाहेबांना नागडा माणूस चालत नाही, म्हाताऱ्याला दरोडेखोरांची भीती, वकील म्हणतो घेऊ या, नाहीतर मेला तर आपल्यावर खटला होईल. अंगावरचा एकुलता एक कोट काढून देतो तो घोड्यावरचा पोरगा, आणि तो देताना शिवी हासडतो म्हणून गाडीतले सभ्य लोक त्याला दटावतात. फील्डिंग जाता जाता सांगतो की याच पोराला पुढे कोंबड्या चोरल्याबद्दल देशाबाहेर पाठवलं. एका अर्ध्या वाक्यात न्यायसंस्था आणि धर्म दोन्हीची उलटतपासणी.

'टॉम जोन्स' (१७४९) मधल्या थ्वॅकम या पाद्री-मास्तरचं ते वाक्यही ध्यानात ठेवा: मी धर्म म्हणतो तेव्हा ख्रिस्ती धर्म, ख्रिस्ती म्हणजे प्रोटेस्टंट, प्रोटेस्टंट म्हणजे चर्च ऑफ इंग्लंड.

---

जुनी_जिल्द

मेथडिस्टांवर, म्हणजे वेस्ली-व्हिटफील्डच्या भावनिक प्रवचनांतून उभ्या राहिलेल्या पंथावर, कुणीतरी लिहायला हवं. १७४० नंतर उपहासाचा मोर्चा त्यांच्याकडे वळतो. जॉर्ज व्हिटफील्ड उघड्या मैदानात हजारोंपुढे बोलायचा, लोक रडायचे, पडायचे. जुन्या 'जॅक'ला नवं नाव मिळालं.

सॅम्युअल फूटचं 'द मायनर' (१७६०, लंडनचं हेमार्केट नाट्यगृह). मिसेस कोल ही कुंटणखाना चालवणारी बाई 'नवा जन्म' झाल्याचं सांगते, आणि धंदा चालूच. व्हिटफील्डच्या एका डोळ्यात तिरळेपणा होता, म्हणून त्याचं नाव डॉक्टर स्क्विंटम. शारीरिक व्यंगावरचा विनोद आहे, आज खटकतो, आणि तसाही तो नाटकातला सर्वांत आळशी भाग आहे. कँटरबरीच्या आर्चबिशप सेकरना नाटकातले आक्षेपार्ह भाग कापायला सांगितलं तेव्हा त्यांनी हात वर केले, कारण फूट ते 'आर्चबिशपांनी तपासलेलं' म्हणून छापेल, असा किस्सा प्रसिद्ध आहे.

ग्रेव्ह्जचं 'द स्पिरिच्युअल क्विक्झोट' (१७७३) याच्या तुलनेत सौम्य. जेफ्री वाइल्डगूज नावाचा जमीनदार जेरी टगवेल या चांभाराला घेऊन धर्मप्रचाराला निघतो. ग्रेव्ह्ज ऑक्सफर्डच्या पेंब्रोक कॉलेजात व्हिटफील्डच्या वेळी होता, त्याचा सख्खा भाऊ मेथडिस्टांत गेला होता, त्यामुळे तपशील आतले आहेत. वाइल्डगूज आपल्या गुरूला भेटायला जातो तर गुरू जांभळा झगा आणि मखमली टोपी घालून खुर्चीत, समोर बायबलऐवजी चॉकलेटचा वाडगा आणि लोणी माखलेले मफिन. तेवढंच, शेरा नाही.

चित्र चालत असेल तर विल्यम हॉगार्थचं १७६२ चं 'क्रेड्युलिटी, सुपरस्टिशन अँड फनॅटिसिझम' उघडून ठेवा. उजव्या खालच्या कोपऱ्यात एक तापमापक आहे, मेथडिस्टाच्या मेंदूवर उभा केलेला. मधोमध 'कोमट'. पारा चढला की प्रेम, वासना, उन्माद, झटके. उतरला की खिन्नता, दुःख, निराशा, शेवटी आत्महत्या. वेड दोन्ही दिशांना आहे. आणि उपदेशकाकडे बघा: केसांचा टोप उडालाय आणि खाली कॅथलिक भिक्षूसारखी मुंडलेली टाळू दिसतेय. झग्याखाली विदूषकाचा पोशाख. @तिरकस_रेघ, तुमचा पीटरसारखा दिसणारा जॅक तो हाच, साठेक वर्षांनी.

---

कडकलक्ष्मी

@जुनी_जिल्द, हे चित्र बघितल्यावर माझा आक्षेप आणखी पक्का होतो. मेथडिस्ट कुणाकडे जात होते? खाणकामगार, विणकर, नोकरचाकर. त्यांच्याकडे चर्चचा पाद्री फिरकतही नव्हता. मग सुखवस्तू रेक्टरांनी आणि नाटकवाल्यांनी त्यांच्या रडण्यावर हसायचं यात धाडस कसलं? डिफो पिलरीत उभा राहिला. फूटला गल्ला मिळाला. दोघांना एकाच तागडीत घालू नका.

आणि जो खरोखर मुळावर बोलला त्याचं काय झालं तेही नोंदवा. थॉमस वूलस्टन, केंब्रिजचा विद्वान. १७२७ ते १७२९ मध्ये येशूच्या चमत्कारांवर सहा 'डिस्कोर्स' लिहिले. चमत्कार शब्दशः घेतले तर हास्यास्पद ठरतात, ते रूपक म्हणून घ्या, असा मुद्दा, आणि सर्वांत खवचट भाग एका काल्पनिक ज्यू रब्बीच्या तोंडी. १७२९ मध्ये खटला, शंभर पौंड दंड आणि एक वर्ष कैद. मुखवट्याने त्याला वाचवलं नाही.

---

तिरकस_रेघ

वूलस्टनचा मुद्दा महत्त्वाचा आहे. मुखवटा वाचवतो तो फक्त तेव्हा, जेव्हा निशाणा दुसऱ्या पंथावर असतो. बायबलवर आला की न्यायालय मुखवटा बघत नाही. फूटबद्दलही हरकत नाही. ग्रेव्ह्जला मात्र त्यात ढकलू नका, त्याचा वाइल्डगूज प्रामाणिक आणि लोभस माणूस आहे.

---

बोरूबहाद्दर

स्टर्न राहिला. 'ट्रिस्ट्रम शँडी'चा तिसरा खंड (१७६१). डॉक्टर स्लॉप कॅथलिक. नोकर ओबाडायाने त्याच्या हत्यारांच्या पिशवीला इतक्या गाठी मारल्यात की कापताना त्याचा अंगठा चिरतो आणि तो शिव्या घालू लागतो. ट्रिस्ट्रमचा बाप वॉल्टर शँडी म्हणतो, शिव्याच द्यायच्या तर शास्त्रोक्त द्या, आणि रोचेस्टरचा बिशप अर्नल्फस याचा बहिष्काराचा शाप त्याच्या हातात ठेवतो. खराखुरा मध्ययुगीन मजकूर, डाव्या पानावर लॅटिन, उजव्या पानावर इंग्रजी. खाताना शापित, पिताना शापित, झोपताना शापित, केसांपासून नखांपर्यंत एकेक अवयव शापित. स्लॉप मोठ्याने वाचतो आणि अंकल टोबी शेजारी 'लिलाबुलेरो' शीळ घालतो, म्हणजे १६८८ चं कॅथलिकविरोधी गाणं. शेवटी टोबी एवढंच म्हणतो की सैतानालाही असा शाप द्यायला माझं मन धजणार नाही.

इथे लेखकाने स्वतः काय लिहिलं? जवळजवळ काहीच नाही. चर्चचा दस्तऐवज जसाच्या तसा छापला आणि ऐकायला एक भला माणूस बसवला. पहिल्या खंडातही हीच युक्ती: गर्भातल्या बाळाचा बाप्तिस्मा बारीक नळीने पिचकारी मारून करता येईल का, यावर पॅरिसच्या सोरबॉनच्या पंडितांनी १७३३ मध्ये दिलेलं मत मूळ फ्रेंचमध्ये छापलंय.

---

सहावी_ओळ

रॉबर्ट बर्न्स स्कॉट्समध्ये लिहितो म्हणून तो या धाग्यात बसत नाही, असं कुणी म्हणायच्या आत टाकतो. 'होली विलीज प्रेअर', १७८५. मॉकलिन गावच्या चर्चचा 'एल्डर' (पदाधिकारी) विल्यम फिशर याने बर्न्सचा मित्र गॅव्हिन हॅमिल्टन याच्यावर शब्बाथ (रविवारचा विश्रामवार) न पाळल्याचा ठपका ठेवला. प्रकरण एअरच्या धर्मसभेपुढे गेलं आणि हॅमिल्टन सुटला. बर्न्सने फिशरची रात्रीची प्रार्थना लिहिली.

बांधणी बघा. सहा ओळींचं कडवं: पहिल्या तीन आणि पाचवी लांब, एकाच यमकाची, चौथी आणि सहावी आखूड, त्यांचं यमक वेगळं. लांब ओळींत विली देवाची स्तुती करतो, आखूड ओळीत त्याचा पाय घसरतो. देवा, तू एकाला स्वर्गात आणि दहांना नरकात धाडतोस, सगळं तुझ्या गौरवासाठी. कॅल्व्हिनचा पूर्वनियतीचा सिद्धांत (कोण तरणार हे देवाने आधीच ठरवलंय) त्यात एक अक्षर न वाकवता आलाय. मग कबुली: मेगबरोबर पाप झालं, लिझीच्या पोरीबरोबर तीनदा झालं, पण त्या दिवशी दारू चढली होती. आपण निवडलेले आहोत, तेव्हा हे काटेही देवानेच गर्व उतरवायला टोचलेत. आणि लगेच हॅमिल्टनला शाप: त्याच्या टोपलीला, साठ्याला, कोबी-बटाट्यांना! सगळ्या विश्वाच्या निर्मात्याकडे मागणं काय, तर शेजाऱ्याचे बटाटे नासव.

१७८६ च्या किलमारनॉक आवृत्तीत, म्हणजे आपल्या पहिल्या संग्रहात, बर्न्सने ही कविता घेतली नाही. हस्तलिखितातून फिरत राहिली.

---

पोटमाळा

एडवर्ड गिबन याच यादीत धरायचा का? इतिहासकार आहे ना तो?

---

जुनी_जिल्द

धरायचा. 'डिक्लाइन अँड फॉल' या रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाच्या इतिहासाचा पहिला खंड १७७६, त्यातली १५ वी आणि १६ वी प्रकरणं. पद्धत अशी: ख्रिस्ती धर्म पसरला याचं मुख्य कारण अर्थातच ईश्वरी कृपा, असं एका वाक्यात नमस्कार करून बाजूला ठेवायचं, आणि मग नम्रपणे पाच दुय्यम कारणं तपासायची: कडवा उत्साह, परलोकाचं आश्वासन, चमत्कारांचे दावे, कठोर नीती, संघटना. पाच संपेपर्यंत मुख्य कारणाला काम उरत नाही. दुसऱ्या प्रकरणातलं रोमन पंथांवरचं वाक्य तर घासून पुसून ठेवलेलं आहे: लोकांना सगळे सारखेच खरे, तत्त्वज्ञांना सारखेच खोटे, सत्ताधाऱ्यांना सारखेच उपयोगी. हेन्री डेव्हिस या तरुण पाद्र्याने १७७८ मध्ये तळटीपांतल्या चुका काढून त्याच्यावर अप्रामाणिकपणाचा आरोप केला, १७७९ मध्ये गिबनने 'व्हिंडिकेशन' लिहून एकेक टीप तपासून दाखवली. उपहासावर कुणी बोट ठेवू शकलं नाही, कारण वाक्य सुटं काढलं की ते भाविकच वाटतं.

@पोटमाळा, वाचताना एक करा. दर पानावर विचारा की 'मी' म्हणणारा कोण, त्याचा पंथ कोणता, आणि कुठल्या वाक्यानंतर त्याच्याशी सहमत होणं अशक्य झालं. डिफोत ते वाक्य सापडत नाही, 'आर्ग्युमेंट'मध्ये पहिल्या काही परिच्छेदांतच सापडतं, गिबनमध्ये ते वाक्यांच्या मध्ये असतं. विद्यार्थी घसरतात ते इथे: स्विफ्टच्या निवेदकाचं मत स्विफ्टच्या नावावर उद्धृत करतात.

---

बोरूबहाद्दर

कडकलक्ष्मींच्या तागडीसाठी अजून एक नोंद. कादंबरीच्या आधी स्टर्नने 'अ पोलिटिकल रोमान्स' लिहिलं, १७५९ च्या सुरुवातीला. यॉर्कच्या चर्चमधल्या पदांच्या वाटणीवरून वकील आणि पाद्री भांडत होते. स्टर्नने ते भांडण एका खेड्यात नेऊन ठेवलं, आणि पदांचे झाले जुने कपडे: एक जुना कोट, एक विजार. वरिष्ठांनी तोडगा काढला तो असा की छापलेल्या प्रती जाळायच्या. स्टर्नने मान्य केलं. मोजक्या प्रती वाचल्या, आणि वर्ष संपायच्या आत 'ट्रिस्ट्रम शँडी'चे पहिले दोन खंड यॉर्कमध्ये छापून तयार होते.

---

कडकलक्ष्मी

पुन्हा कोटच! हे 'रोमान्स' 'टब'शेजारी ठेवून वाचायला घेते. पुढच्या आठवड्यात इथेच टिपणं टाकीन, तोवर कुणी वूलस्टनचे 'डिस्कोर्स' वाचले असतील तर लिहा.